"पूर्ण सील करून देतो भाऊ" म्हणत हेडलाइटचं मातेरं

चोपड्याकडची एक हॅचबॅक. जुलैत डाव्या हेडलाइटच्या काचेआड पाणी दिसायला लागलं. जळगावातल्या एका दुकानात मालकाला सांगण्यात आलं, "सील गेलंय भाऊ, पूर्ण पॅक करून देतो, परत थेंब जायचा नाही." साडेचार हजार घेतले, पावती नाही. तीन आठवड्यांत त्या बाजूचा डीआरएल, म्हणजे दिवसाही पेटता राहणारा एलईडी दिवा, लुकलुकायला लागला आणि मग मेलाच. त्याच दुकानातून पुढचा आकडा आला अठरा हजारांचा: "ड्रायव्हर उडाला, असेंब्लीच बदलावी लागेल." ड्रायव्हर म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, असेंब्ली म्हणजे अख्खा लाइट.

दुसऱ्या दुकानात बंपर उतरवून लाइट टेबलावर घेतला तेव्हा काचेच्या कडेभोवती पारदर्शक सिलिकॉनची बोटभर जाड वळकटी होती. मागच्या रबरी झाकणावरही तेच. सगळ्यात वाईट म्हणजे मागची वाकडी रबरी नळी, म्हणजे ब्रीदर, आतपर्यंत सिलिकॉनने बुजवलेली. ड्रायव्हर लाइटच्या तळाशी असतो, तिथे पाणी साचून होतं आणि कपलरच्या, म्हणजे वायरच्या जोडाच्या, पिना हिरव्या पडल्या होत्या. मूळ दुखणं काय होतं? बल्ब बदलताना मागच्या झाकणाचं एक लॉक नीट बसवलं नव्हतं. झाकण दाबून बसवलं असतं तर काम तिथेच संपलं असतं.

हा प्रकार खपतो, कारण हेडलाइट हवाबंद असतो असं बहुतेकांना वाटतं. तो तसा नसतो, आणि असूही नये. दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते, विझला की आकसते. ही ये-जा ब्रीदरमधून होते. कुठे रबरी नळी असते, कुठे पाणी अडवून हवा सोडणारा छोटा गोल पडदा. ब्रीदर बुजवला की थंड होताना लाइट जिथे कच्ची जागा मिळेल तिथून हवा ओढतो, बल्बभोवतीच्या रबरी कड्यापासून (ओरिंग), कपलरपासून, केसाएवढ्या तड्यातून. पावसात तिथे पाणी असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाटच उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला ओलं असताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो ॲसिटिक ॲसिडचा. बंद डब्यात ते तांब्याला खातं. कोणी तुमच्या लाइटवर असलं सिलिकॉन लावायला लागलं आणि तो वास आला, तर काम तिथेच थांबवा.

आधी वाफ आणि गळती यातला फरक ओळखा. पावसाळी सकाळी काचेवर धुकं धरलं आणि लो बीम लावून वीस-तीस मिनिटं गाडी चालवल्यावर ते विरलं, तर लाइट ठीक आहे. एलईडीची काच हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे तिथे धुकं उशिरा जातं. तेवढ्यावरून घाबरू नका. पण थेंब ओघळत असतील, तळाला पाण्याची रेघ दिसत असेल, किंवा दिवसभर कडक ऊन खाऊनही ओल राहिली, तर पाणी आत येतंय.

आपल्याकडे त्याचं कारण बहुतेकदा मे महिन्यात तयार होतं. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रबर कडक होतं, तोंडाशी भेगा पडतात. त्यात काळ्या मातीची धूळ ब्रीदरच्या तोंडावर बसते, पहिल्या सरीत तिचा चिखल होतो आणि नळी आपोआप बुजते. वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन लाइटच्या कडेवर जवळून मारली की उरलेलं काम होतं. महामार्गावरून तापलेल्या लाइटसह आलेली गाडी तर लगेच धुऊच नये.

आणखी एक छुपी चोरी पंख्याच्या एलईडी बल्बची. बल्बच्या मागचा पंखा झाकणात मावत नाही, म्हणून झाकण कापतात किंवा फेकून देतात आणि मालकाला सांगतही नाहीत. बॉनेट उघडून हाताने चाचपा. झाकण नसेल तर पाणी कुठून येतं ते शोधायची गरज नाही.

दुरुस्तीचा खरा क्रम असा. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, लाइट बाहेर घ्यायचा, झाकण आणि बल्ब काढून सावलीत वाळवायचा. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही. रिफ्लेक्टर कापडाने पुसू देऊ नका, त्यावरचा ॲल्युमिनियमचा चकाकता थर निघून येतो. मग बल्ब आणि झाकण परत बसवून एका ब्रीदरमधून तोंडाने फुंकर मारायची, बाकीचे बोटाने धरायचे आणि जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे जिथे, गळती तिथे. काँप्रेसरची पूर्ण हवा लावली तर जोडच फुटतो. रबर कडक झालं असेल तर तेवढं बदला. काचेचा जोड गळत असेल आणि तो ब्युटाइलचा, म्हणजे तापवल्यावर मऊ होणाऱ्या चिकट रबराचा, असेल, तर गरम करून उघडता येतो, जुनं ब्युटाइल खरवडून नवी पट्टी भरता येते. काही नवीन लाइट कडक गोंदाने चिकटवलेले असतात, ते उघडताना फुटतात. कपलर काँटॅक्ट क्लीनरने साफ करून त्याच्या रबराला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात पुरतो. "खाली भोक पाडतो, पाणी निघून जाईल" म्हणणाऱ्याला हातही लावू देऊ नका. त्याच भोकातून धूळ आणि पाणी आत येतं.

असेंब्ली खरंच बदलायची झाली तर बसवायच्या कानांवर स्क्रूचे ओरखडे आणि कडेला गोंदाची दुहेरी रेघ पाहा. दोन्ही जुन्या मालाच्या खुणा. भिंतीवर प्रकाश पाडून बघा, आपल्याकडे लो बीमची कड डावीकडे वर चढते. उजवीकडे चढत असेल तर तो परदेशी भंगारातला लाइट आहे, समोरच्याचे डोळे दिपवणारा. जीएसटी बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, जुना लाइट परत मागा. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवता येते. बिल नसेल तर दुकानदार सरळ नाही म्हणतो. चोपड्याच्या गाडीचं तेच झालं.

लाइट परत बसवण्याआधी, नळीचे ब्रीदर असतील तर, मेकॅनिकला एका नळीत फुंकर मारायला सांगा आणि दुसरीवर आपलं बोट धरा. बोटाला हवा लागली पाहिजे.