पीपीएफ: दहा महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः कडांविषयी

गेल्या महिन्यात लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत एका दुचाकीचे हँडल माझ्या गाडीच्या डाव्या फेंडरला घासून गेले आणि तेथील पीपीएफ, म्हणजे रंग वाचवण्यासाठी गाडीवर चिकटवलेली पारदर्शक फिल्म (पेंट प्रोटेक्शन फिल्म), वीतभर फाटली. फिल्म फाटल्याचे मला दुःख नव्हते. ती त्यासाठीच लावलेली असते. पण तुकडा बदलण्यासाठी ती लावणाऱ्या स्टुडिओत जुनी फिल्म सोलून काढली, तेव्हा हँडलचा रंगावर मागमूसही नव्हता आणि पुढच्या दरवाजाच्या फटीला समांतर, फिल्म जेथे संपत होती नेमक्या त्याच ठिकाणी, क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, केसाएवढी बारीक, सरळ रेघ होती. नख फिरवले तर अडकत होते. ती ब्लेडची होती, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

या रेघेचा पूर्वेतिहास असल्यामुळे थोडे मागे जावे लागेल.

गाडी पांढरी आहे, पुण्यात चालते आणि महिन्याकाठी कोल्हापूरला जाते. संपूर्ण गाडीला फिल्म लावण्याचे दर ऐकल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. स्टुडिओने सांगितलेल्या 95 हजारांवर 18 टक्के जीएसटी धरला की रक्कम लाखाच्या पुढे जाते, आणि एवढ्या पैशांत बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये बंपर किती वेळा रंगवून होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. छपराला आणि मागच्या दरवाजांना सहसा खडी लागत नाही. म्हणून बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, आरसे, हेडलॅम्प, दरवाजांच्या कडा, हँडलमागच्या वाट्या आणि डिकीचा उंबरठा एवढ्यांनाच फिल्म लावायचे ठरवले. त्याचे 38 हजार आणि कर धरून 44,840 रुपये झाले. पुन्हा रंगवलेला पत्रा जुन्या गाडीचा चाणाक्ष खरेदीदार जाडी मोजण्याच्या यंत्राने लगेच ओळखतो, त्यामुळे कारखान्यातला मूळ रंग टिकवण्याला स्वतंत्र किंमत आहे, हे मला मान्य आहे. पण ती किंमत गाडीच्या पुढच्या भागापुरतीच मोजावी, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

फिल्मची निवड त्यामानाने सोपी गेली. टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, हे साहित्य सोडून दुसरे काही घेऊ नये; टीपीएच या नावाने स्वस्तात जे विकले जाते, ते मुळात मऊ केलेले पीव्हीसी असते. टीपीयूमध्येही उन्हात पिवळे न पडणारा ॲलिफॅटिक प्रकार हवा. दुकानात नमुन्याच्या तुकड्यावर पितळी ब्रश घासून त्यावर गरम पाणी ओतून चरे नाहीसे होताना दाखवतात, तो देखावा खोटा नसतो, परंतु त्यावरून चिकटद्रव्याचे किंवा पिवळेपणाचे काहीच कळत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला गरवारे यांच्या कारखान्यातही ही फिल्म तयार होते, त्यामुळे केवळ आयातीच्या नावाखाली जास्त पैसे मोजणे मला पटले नाही. मी घेतलेल्या फिल्मचे नाव येथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार फिल्मबद्दल नाही. तिची सांगितलेली जाडी 190 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती, आणि ती मी बॉनेटवर आधी व नंतर यंत्र लावायला सांगून पडताळून घेतली. यंत्र धातूवरच चालते. प्लॅस्टिकच्या बंपरवर त्याचा उपयोग नाही.

काम ऑगस्टमध्ये झाले. गाडी धुऊन, रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी क्ले बार ही मऊ वडी फिरवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्यावर शाम्पू मिसळलेल्या पाण्याचा फवारा मारतात, त्यावर फिल्म तरंगत ठेवून जागेवर आणतात आणि मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, मधून कडेकडे पाणी बाहेर काढतात. पावसाळ्यात हे पाणी सुकायला वेळ लागतो. पहिले दोन आठवडे बॉनेटवर धुरकट डाग आणि बारीक फुगे दिसत होते, आणि ते आपोआप गेले. फुगा पाण्याचा असेल तर जातो, आत अडकलेला धुळीचा कण मात्र जात नाही, आणि असे तीन कण आजही बॉनेटवर आहेत. त्यांची मला सवय झाली. कडांची झाली नाही.

फिल्म कापण्याच्या दोन पद्धती आहेत. संगणकात गाडीच्या मॉडेलचा साचा असतो, त्यानुसार प्लॉटर फिल्म आधीच कापून देतो. किंवा रोलमधून मोठा तुकडा गाडीवर पसरून जागेवरच ब्लेडने कापतात. आमच्या स्टुडिओत दुसरी पद्धत होती. ‘प्लॉटरच्या फिल्मला कडेला फट राहते, आमचं काम पूर्ण कव्हरेजचं असतं,’ असे तेथील मुख्य कारागिराने सांगितले, आणि ते अर्धे खरेही आहे, कारण चांगला कारागीर फिल्म जादा ठेवून पत्र्याच्या मागच्या बाजूला वळवतो आणि मग कड दिसतच नाही. अर्धे अशासाठी, की हेडलॅम्पजवळ, जाळीशी, सेन्सरभोवती फिल्म वळवायला जागाच नसते आणि तेथे ब्लेड गाडीवर चालवावेच लागते. आता आकडे पाहावेत. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते आणि त्यातला वरचा क्लिअर कोट सुमारे 40 ते 50 मायक्रॉनचा. म्हणजे कारागिराने 190 मायक्रॉन कापायचे आणि नेमके तेथेच थांबायचे. पाते बोथट झाले की हात नकळत जोर लावतो. ज्यांचा हात बसलेला आहे ते हे दिवसभर बिनचूक करतात, आणि असे हात आहेत. पण गाडी कोणाच्या हाती जाणार, हे पावतीवर लिहिलेले नसते.

दोन महिन्यांनी कडांना काळी रेघ दिसू लागली. पांढरी गाडी असलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. फिल्मच्या जाडीमुळे कडेला एक सूक्ष्म पायरी तयार होते, उघड्या राहिलेल्या चिकटद्रव्यावर धूळ बसते आणि दहा फुटांवरूनही पेन्सिलने आखल्यासारखी रेघ दिसते. मी मऊ दातांचा ब्रश आणि गाडीचा शाम्पू घेऊन दर रविवारी ती साफ करू लागलो. घरच्यांनी बोलणे सोडून दिले. स्टुडिओला छायाचित्रे पाठवली की एकच उत्तर यायचे: ‘काका, व्हाइट गाडीला हे होणारच.’ बॉनेटवरची रेघ घासल्यावर जवळपास जात असे, डाव्या फेंडरवरची मात्र कितीही घासले तरी करडी उरायची. तेथे चिकटद्रव्य जास्त उघडे असेल, अशी मी समजूत करून घेतली. अल्कोहोल लावलेल्या कापडानेही फरक पडला नाही.

याच काळात या फिल्मबद्दलचे माझे मत, कडा सोडून, फारच चांगले झाले, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे. खंबाटकीच्या अलीकडे एका डंपरमधून उडालेली खडी बॉनेटवर अशी आदळली, की आता पत्रा दिसणार याची मला खात्रीच होती. उतरून पाहिले तर फिल्मवर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा आणि खाली रंग शाबूत. हीच फिल्म मुळात व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यासाठी वापरली गेली, असे वाचले होते. ते त्या दिवशी पटले. सोसायटीत गाडी धुणारा मुलगा एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतो, त्यामुळे हिवाळ्यात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उठले होते. गीझरचे गरम पाणी बादलीभर आणून सावकाश ओतले आणि ते डोळ्यांदेखत विरून गेले. मी उरलेले पाणी शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी राखून ठेवले. अर्थात हे फक्त वरच्या थरातल्या उथळ चऱ्यांचे होते. खडीचा खड्डा आहे तसाच आहे. सिरॅमिक कोटिंग हा पीपीएफचा स्वस्त पर्याय म्हणून सुचवला जातो, तो तसा नाही, कारण तो थर इतका पातळ असतो, की खडीपुढे त्याचा काहीच पाड लागत नाही.

बोअरच्या पाण्याचे डाग मात्र फिल्मवरही पडतात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते आणि ते सुकले की पांढरे गोल ठसे राहतात. ताजे असतील तर पाण्यात निम्मे पांढरे व्हिनेगर घालून पुसल्यावर जातात, आठवडाभर उन्हात भाजले तर वरच्या थरात मुरतात. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच. धुतल्यावर लगेच कोरडे पुसणे एवढाच उपाय आहे. पिवळेपणाबद्दल दहा महिन्यांत कोणीही काही सांगू शकत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

आता पुन्हा फेंडरकडे. जुनी फिल्म निघाली आणि न जाणाऱ्या करड्या रेघेचे कारण समोर आले: मळ चिकटद्रव्यावर नव्हता, ब्लेडने पाडलेल्या खाचेत बसला होता. मी कारागिराला नख लावून पाहायला सांगितले. तो काही बोलला नाही. मालक आले, त्यांनी आधी ही रेघ दुचाकीची असेल असे सुचवले. अपघाताची रेघ फिल्मच्या कडेशी इतकी काटेकोर जुळेल का, असे विचारल्यावर ते वॉरंटीकडे वळले. वॉरंटी फिल्मच्या कंपनीची, रोलच्या क्रमांकावर नोंदलेली. तिच्यात पिवळेपणा, तडे, फुगे आणि थर सुटणे येते, लावणाऱ्याच्या ब्लेडने रंगाला झालेली इजा येत नाही. ‘मग ती कोणाकडे येते?’ या प्रश्नाला उत्तर मिळायला दुपार गेली. पॉलिशने काढून देऊ, असे शेवटी निघाले. नख अडकणारा ओरखडा पॉलिशने घालवायचा म्हणजे भोवतालचा क्लिअर कोट तेवढा खाली आणायचा, आणि त्यात उन्हाचा मारा सोसणारा थरच पातळ होतो, म्हणून मी नकार दिला. फेंडर रंगवून देण्याची त्यांची तयारीही मी नाकारली. मूळ रंग टिकवण्यासाठी पैसे भरले आणि आता तोच खरवडून नवा मारायचा, हे मला झेपणारे नव्हते.

तडजोड अशी झाली, की फेंडरची नवी फिल्म आणि मजुरी दोन्ही स्टुडिओची, पण तुकडा प्लॉटरवर कापलेला, दरवाजाकडची बाजू साच्यातच वाढवून घेतलेली आणि दार उघडून आत वळवलेली. गाडीवर ब्लेड लावायचे नाही, हे मी कामाच्या कागदावर लिहून घेतले. दरवाजाकडची कड वळवायला तेथे पहिल्यापासून जागा होती, हे नवा तुकडा बसवणाऱ्या मुलानेच सांगितले: ‘काका, इथं कापायची गरजच नव्हती, दार उघडलं की झालं.’ ती खाच आता नव्या फिल्मखाली आहे, चिकटद्रव्याने भरली गेल्यामुळे शोधल्याशिवाय दिसत नाही, आणि मळ आत जायला वाट उरलेली नाही. हेडलॅम्पच्या बाजूला प्लॉटरने साधारण मिलिमीटरभर रंग उघडा सोडला आहे. तेवढा मला चालतो.

उजव्या फेंडरची फिल्म मात्र जुनीच आहे, त्याच हाताने, त्याच दिवशी, तशीच कापलेली. तिच्या कडेचीही रेघ घासून पूर्ण जात नाही. खाली काय आहे ते पाहायचे तर धडधाकट फिल्म सोलावी लागेल, आणि स्टुडिओ ती फुकट बदलायला तयार नाही. ती फिल्म कोणत्याही कारणाने निघेल तेव्हा खाली ब्लेडची खूण आढळल्यास त्या बाजूची नवी फिल्म विनामूल्य, एवढे मालकांच्या सहीनिशी पावतीच्या मागे लिहून घेतले आहे. पावती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे.