किंडल चिपळूणला, पुस्तकं डोंबिवलीहून

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात बरा फोन आला असता, म्हणून लॅपटॉप कपाटात गेला तो गेलाच. बाकी सगळं फोनवर भागत होतं. अडलं ते आईच्या किंडलशी, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राशी. २०१८ सालचं पेपरव्हाइट मॉडेल, सहा इंची, आधी माझं होतं. छापील पुस्तकातली बारीक अक्षरं आईला जड जायला लागली तेव्हा चिपळूणला तिच्या हवाली केलं. घरी जाताना लॅपटॉप न्यायचा, वायर लावायची, महिना-दोन महिन्यांची पुस्तकं भरून यायचं, अशी आमची पद्धत होती. आता दहा महिने झाले, सगळं फोनवरूनच चाललंय. त्याचा हा जमाखर्च.

आधी वायरचाच मार्ग धरला, कारण तोच माहितीतला. फोनला टाइप सी, किंडलला जुनं मायक्रो यूएसबी; मध्ये ओटीजीचा, म्हणजे फोनला पेनड्राइव्हसारख्या वस्तू जोडायचा, अंगठ्याएवढा अडॅप्टर. स्टेशनबाहेरून आणला, जोडला, काहीच नाही. किंडल मजेत चार्ज होत होतं, फोनवर मात्र चिटपाखरू नाही. अर्धा तास फोनच्या सेटिंगला शिव्या घातल्या. दोष निघाला वायरचा. पॉवर बँकेबरोबर आलेली ती वायर नुसती चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. दुसरी वायर लावली आणि किंडल पेनड्राइव्हसारखं उघडलं. (काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोडा वेळ काही केलं नाही की ते आपोआप बंद होतं, तेही बघा.) ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये फाइल टाकली, नीट इजेक्ट केलं, वायर काढली. लायब्ररीत पुस्तकाचा पत्ता नाही!

कारण मी टाकली होती ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाइलचा एक प्रकार. वायरने टाकलेली ईपब किंडल वाचत नाही. एझेडडब्ल्यू३, मोबी, पीडीएफ किंवा साधी टेक्स्ट फाइल चालते. आणि ईपबची एझेडडब्ल्यू३ करायला मी कायम कॅलिबर हे सॉफ्टवेअर वापरत आले, ते लॅपटॉपवर. म्हणजे फिरून तिथेच. शिवाय जोडलेलं असताना किंडल फोनची बॅटरी पीत राहतं, ते वेगळंच. २०२४ची नवी किंडल तर पेनड्राइव्हसारखी उघडतच नाहीत, एमटीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने जोडली जातात; तेव्हा माझं चाललं म्हणून तुमचंही चालेल असं समजू नका. मी आता वायर फक्त चिपळूणला गेल्यावर, नेट गेलेलं असेल तेव्हा काढते.

खरं काम केलं ते ईमेलने. प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, हे मला कित्येक वर्षं माहीत होतं आणि मी तो कधी वापरला नव्हता. ॲमेझॉनच्या खात्यात डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये तो सापडतो. तिथेच मान्य पत्त्यांची यादी असते, त्यात आपला ईमेल घालायचा. एकदाच. मग फोनवरची ईपब मेलला जोडायची, पाठवायची, बस. २०२२ पासून ही सोय ईपब घेते, रूपांतर तिकडेच होतं. उलट जुनी मोबी आता घेत नाही. मेलने ५० एमबीपर्यंतची फाइल जाते, त्याहून मोठी असेल तर फोनच्या ब्राउझरमधून ‘सेंड टू किंडल’च्या पानावर चढवायची, तिथे मर्यादा २०० एमबी आहे. अँड्रॉइडवर किंडल ॲप असेल तर फाइलवर शेअर दाबून ॲप निवडलं तरी चालतं. मी मेलच करते, कारण काय कधी पाठवलं ते ‘सेंट’मध्ये राहतं.

आणि यात मला न मागता मिळालेली गोष्ट म्हणजे अंतर संपलं. मी डोंबिवलीला लोकलची वाट बघत पुस्तक पाठवते, ते चिपळूणला उतरतं. फक्त आईने किंडलचं वायफाय लावायला हवं. घरी ब्रॉडबँड नाही, तिच्या फोनचा हॉटस्पॉट. पहिल्या दिवशी किंडलला तो दिसेचना. फोनवरून तासभर “अगं, काय लिहिलंय ते वाच ना” आणि “काही लिहिलेलंच नाहीये, काय वाचू?” असं चाललं. शेवटी शेजारच्या मुलाने हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवरून २.४ वर आणला आणि किंडलला तो लगेच सापडला. आता ती स्वतः लावते, पुस्तक आलं की हॉटस्पॉट बंद करते, डेटा संपतो म्हणून.

मात्र फाइल पोचली म्हणजे पुस्तक वाचता येतं असं नाही, आणि मराठीत खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे फुकट आणि रीतसर मिळणारं बरंच साहित्य पीडीएफमध्ये आहे: ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं. ए४ आकाराचं पान सहा इंचांत बसवलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. मेलच्या विषयात ‘कन्व्हर्ट’ लिहिलं तर पीडीएफचं किंडलच्या फाइलमध्ये रूपांतर होतं आणि अक्षरं मोठी करता येतात, म्हणून एकदा तेही केलं. आईचा फोन आला, “हे कुठल्या भाषेतलं पाठवलंयस?” फोटो मागवला तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. ते पुस्तक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं होतं. दिसायला देवनागरी, आत रोमन. युनिकोडवाली पीडीएफ पाठवून पाहिली तर ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या आणि जोडाक्षरं फुटलेली. तेव्हापासून मराठी पीडीएफ ‘कन्व्हर्ट’ करायची नाही, हा नियम. फोनवरच्या एखाद्या ॲपने समास कापायचे, तशीच पाठवायची आणि किंडल आडवं करून वाचायचं. चालतं, पण आईला ते आवडत नाही. “एका पानाला तीनदा सरकवायचं” अशी तिची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

म्हणून आता आधी मराठी विकिस्रोत हे मोफत पुस्तकांचं संकेतस्थळ बघते. तिथून पुस्तक थेट ईपबमध्ये उतरवता येतं, अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, जोडाक्षरं जागच्या जागी. शुद्धलेखनाची एखादी चूक असते, आई ती मला फोन करून कळवते.

फोनवर न सुटलेलं एकच प्रकरण आहे. एका मैत्रिणीने आपल्या आजोबांच्या आठवणींची ईपब घरच्या घरी बनवून दिली होती. ती पाठवली की दर वेळी ई९९९ अशी चूक दाखवणारा मेल परत येतो. ईपबच्या आत काहीतरी सदोष असलं की असं होतं. माझ्या फोनवर ती उघडते, नीट वाचताही येते, पण दुरुस्त करायची तर फाइलच्या आत शिरावं लागणार आणि ते फोनवर करायचा धीर मला नाही. दसऱ्याला भाऊ त्याचा लॅपटॉप घेऊन येतोय, तेव्हा बघू. तोवर मी ती रोज रात्री आईला फोनवरून दोन-दोन पानं वाचून दाखवतेय.