सात महिने अॅन्व्हिलवर: घरची चेन, नको इतकी शहाणी

गनाश, म्हणजे स्वतःच्या मशीनवर चाचणीपुरती इथेरियम ब्लॉकचेन चालवायचं साधन. त्याची देखभाल २०२३च्या अखेरीस थांबली, तरी आमचा एक जुना प्रोजेक्ट त्यावरच रेटत होतो. शेवटी फाउंड्री या टूलकिटमधलं, तेच काम करणारं अॅन्व्हिल घेतलं. टर्मिनलमध्ये एक शब्द टाइप केला की ८५४५ पोर्टवर चेन उभी, दहा खाती, प्रत्येकात १०,००० ईथर (इथेरियमचं चलन, इथे अर्थात खोटं). टेस्टनेटच्या (सार्वजनिक चाचणी-चेनच्या) फॉसेटपुढे, म्हणजे फुकट चाचणी-ईथर देणाऱ्या साइटपुढे, वाटी धरून बसलेल्याला दोन दिवस जहागीरदार झाल्यासारखं वाटतं.

सगळ्यात कामी आलं ते घड्याळ. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ९० दिवसांचं लॉक-इन आहे. पुढच्या ब्लॉकची (व्यवहारांच्या गठ्ठ्याची) वेळ सेकंदापर्यंत ठरवता येते, म्हणून बरोबर मुदत संपते त्या सेकंदाला पैसे काढून पाहिले. निघाले नाहीत! ‘पेक्षा जास्त’ लिहिलं होतं, ‘तेवढं किंवा जास्त’ हवं होतं. आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर, म्हणजे स्नॅपशॉटवर, मागे गेलो, पुन्हा पाहिलं. चहा अजून गरम होता.

पण हाच आज्ञाधारकपणा नडला. व्यवहार पाठवला की अॅन्व्हिल त्याच क्षणी ब्लॉक बनवतं, त्यामुळे ‘पेंडिंग’ कसं दिसतं ते आम्ही कधी पाहिलंच नाही. सेपोलिया या टेस्टनेटवर ब्लॉक बारा सेकंदांनी. टेस्टिंगवालीने डिपॉझिटचं बटण दाबलं, काही हलेना म्हणून परत दाबलं, डिपॉझिट दोनदा. चूक माझी, बटण बंद करायला हवं होतं. आता ब्लॉक-टाइम १२ देऊनच चेन चालू करतो. फ्रंटएंडवाले कुरकुरतात, कुरकुरू देत.

नॉन्सचा, म्हणजे खात्याच्या व्यवहारांच्या अनुक्रमांकाचा, वैताग वेगळाच. चेन बंद करून चालू केली की ती शून्यावर, ब्राउझरमधल्या वॉलेटला मात्र जुना १४ आठवतो. व्यवहार लटकतो, एरर धड येत नाही. नव्या मुलाची अख्खी दुपार यात गेली. वॉलेटमधली त्या खात्याची अॅक्टिव्हिटी पुसली की सुटतं. स्टेट फाइल दिली तर चेन थांबली तिथूनच उठते, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. हेल्प वाचायचा कंटाळा, दुसरं काय.

मेननेट (खरी चेन) फोर्क करताना, म्हणजे तिची स्थिती अॅन्व्हिलमध्ये उतरवून घेताना, ब्लॉक नंबर पक्का करा, नाहीतर काल पास झालेली टेस्ट आज भाव हलला म्हणून पडते.

आणि त्या दहा खात्यांच्या प्रायव्हेट की (खात्यातून पैसे काढायच्या गुप्त किल्ल्या) जगजाहीर आहेत, सगळ्यांकडे त्याच. मेननेटवर तिथे पैसे पाठवले की बॉट ते उचलायला बसलेलेच असतात. आम्ही या कामाला वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवलंय. थीम भडक केशरी, डोळ्यांत खुपेल अशी.