पाणवनस्पतींची रोपवाटिका, छत्रपती संभाजीनगर: कमळ बिनधास्त घ्या, वायतुरा नको

जालना रस्त्यावरच्या या रोपवाटिकेत कमळाचा कंद 350 रुपयांना मिळतो आणि तो पैसे वसूल करतो. फक्त कोंब बघून घ्या. टोक मोडलं असेल तर कंद हमखास कुजतो. दीड-दोन फूट रुंदीचं, बिनभोकाचं टब लागेल. तळाशी मूठभर पूर्ण कुजलेलं शेणखत, वर सहा इंच आपली काळी माती. कंद आडवा, कोंब मातीच्या वर. सुरुवातीला पाणी दोन-तीन इंचच ठेवा. शेणखत कच्चं असलं की पाणी काळं पडतं, वास सुटतो आणि कंद गेलाच म्हणून समजा. इथले कामगार 'भरपूर शेण घाला' म्हणतात, ते ऐकू नका. लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. पुढे उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटत जातं तसे क्षार वाढतात आणि पानांच्या कडा जळतात. पंधरवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला.

कुमुद (वॉटर लिली) आणि पांढरी कुमुदिनी (झालरीच्या छोट्या फुलांची, वेगळी पाणवनस्पती) दोन्ही चांगल्या. कुमुदिनीचं देठासकट पान चिखलावर ठेवलं की त्यालाच नवं रोप फुटतं, म्हणून एकच कुंडी पुरे.

नाराजी आहे ती 'कासचा वायतुरा' या पाटीवर. दोन फाट्यांच्या तुऱ्याची ही संकटग्रस्त वनस्पती साताऱ्याकडच्या जांभ्या पठारांवर, पावसाच्या उथळ, कमी पोषणाच्या डबक्यांत वाढते. पाऊस सरला, डबकी आटली की तिचा कंद कोरड्यात झोपतो. इथे मात्र तो वर्षभर पाण्यात ठेवलाय, तोही रेगडीत (चिकट काळ्या मातीत) आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात. न कुजला तरच नवल. त्याहून वाईट म्हणजे, कंद कुठून आणले याचं उत्तर 'तिकडूनच'. कास राखीव वन आहे. तिथून कंद उचलणं हा वनगुन्हा. फूल बघायचं तर पावसाळ्यात कासला जावं.

खरेदीबरोबर जलपर्णी फुकट देतात. नको म्हणा. नांदेडला गोदावरीची काय गत होते ते सगळ्यांनी पाहिलंय.

लातूर-परभणीला न्यायचं असेल तर कंद ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात आडवा ठेवून घ्या, कोंबावर वजन येऊ देऊ नका. प्लास्टिकच्या बंद पिशवीत, डिक्कीतल्या उन्हात तो शिजतो.