बॅकअप दर तासाला की दिवसातून एकदा?

फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय सुरू करून बाहेरची डिस्क जोडली की विंडोज आपणहून दर तासाला बॅकअप घेऊ लागतं. बहुतेक घरांत ही सेटिंग वर्षानुवर्षं तशीच राहते. माझ्याकडेही दोन वर्षं होती, आता मी 'डेली'वर आहे. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल, म्हणून आधी तासाची बाजू सांगतो.

नोकरी सांभाळून मी दिवाळी अंकांची पानं लावतो. गणपती गेले की धावपळ सुरू. अशाच एका रविवारी, दुपारभर शुद्धलेखन तपासलेल्या कथेवर मी तिचीच जुनी प्रत चिकटवली, सेव्ह केली आणि चहाला उठलो. चार वाजताची फाइल डिस्कवर होती म्हणून निभावलं. 'डेली' असतं तर सगळ्या वेलांट्या पुन्हा तपासत बसावं लागलं असतं.

पण याच वेलांटीची दुसरी बाजू अशी की फाइलमध्ये एक जरी बदलली तरी अख्खी फाइल डिस्कवर नव्यानं उतरते. माझ्या अंकाची फाइल अडीचशे एमबीची. त्यात जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या, याचं उत्तर आधीच 'फॉरेव्हर' असं निवडलेलं असतं. मॅकवाल्यांना हा ताप कमी: त्यांचं बॅकअपचं टाइम मशीन तासातासाच्या प्रती 24 तासांपुरत्याच ठेवतं, मग महिनाभराच्या रोजच्या, त्याआधीच्या आठवड्याच्या, आणि जागा संपली की सर्वांत जुन्या काढून टाकतं. 2022च्या व्हेंचुरा या मॅकओएस आवृत्तीपासून तिथेही तास, दिवस की आठवडा हे आपल्याला ठरवता येतं.

जागेचं एक वेळ सोडा, मोठी डिस्क घेता येते. माझं मन उठलं ते सकाळच्या एका प्रकारामुळे. लॅपटॉप एकच, तोच ऑफिसला न्यायचा. डबा बॅगेत, पायात बूट, मुलुंडहून आठ बाराची गाठायची आणि डिस्क 'इजेक्ट' करायला गेलं की उत्तर: वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. डिस्कचा निळा दिवा लुकलुकतोय, मी घड्याळ बघतोय. आतून बायको म्हणते, "अहो, ओढा ती वायर आणि निघा!" एकदा ओढलीही. त्या दिवशीचा बॅकअप अर्धवट राहिला आणि गाडीही गेली. यात अँटिव्हायरसचा हात असेलही, मी काही मोजमाप केलेलं नाही. पण डिस्क दिवसभर चिकटून राहायची नाही असं ठरल्यापासून हा प्रसंग पुन्हा आलेला नाही.

'डेली'त एक खोट आहे: ठरावीक वेळ निवडायची सोय सेटिंगमध्ये नाही. मी रात्री जेवणं झाली की डिस्क जोडतो आणि 'रन नाऊ' दाबतो. भांडी आवरेपर्यंत काम झालेलं असतं. महिन्यातून दोनदा विसरतो, हे कबूल. पण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं तर ते जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घालतं, कपाटातली वाचते, हा वरचा फायदा.

पाण्यापुढे मात्र दोन्ही सेटिंग सारख्याच. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तसं पाणी तळमजल्यावर शिरलं तर लॅपटॉप आणि कपाटातली डिस्क दोन्ही एकदमच भिजणार. म्हणून छापायला गेलेल्या अंकाची एक प्रत मी ऑफिसच्या खणात ठेवतो.

दिवसभर एका जागी बसून काम करणारे असाल, लग्नाचे अल्बम किंवा हिशेब, तर तास वाईट नाही. ऑक्टोबरात मीही पंधरा दिवस तासावर जातो. मात्र आधी 'फॉरेव्हर' बदलून तीन महिने करा, नाहीतर दिवाळीच्या तोंडावर डिस्क भरल्याचा निरोप येईल.