अनंताची पिवळी पानं आणि लोहाची लाल पावडर

माझा अनंत गेल्या वर्षी शेंड्याकडून पिवळा पडायला लागला. खालची जुनी पानं हिरवीगार, तुकतुकीत. कोवळी मात्र फिकट पिवळी आणि त्यांवर शिरांची बारीक हिरवी जाळी. ही लोह कमी पडल्याची खूण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शेणखत घातलं, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं, काही उपयोग झाला नाही.

मग चिलेटेड लोहाचं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेल्या लोहाचं, पाकीट आणलं. आकडा मोठा म्हणून 12 टक्केवालं. मातीत घातलं, महिना गेला, झाड तसंच. त्यात लोह धरून ठेवणारं रसायन ईडीटीए होतं. मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की त्याची लोहावरची पकड सुटत जाते. माझ्या कुंडीचा सामू मोजला तर 7.8! जड पाणी घालून घालून झालेला. अनंताला हवा 5 ते 6.5.

आता वापरते त्या पावडरीत लोह धरणारं रसायन वेगळं आहे, ईडीडीएचए, आणि लोह 6 टक्के. म्हणजे निम्मंच, पण अल्कधर्मी (सामू 7 च्या वरच्या) मातीतही ते मुळांना मिळत राहतं. पाण्यात टाकली की आधी लाल धागे खाली उतरतात, मग सगळं पाणी गडद लाल. मी 2 ग्रॅम लिटरभर पाण्यात कालवून ओल्या मातीत घालते, तेही संध्याकाळी, कारण उजेडात ही पावडर खराब होते. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला जी पानं फुटली ती हिरवीच! खरंच खूप बरं वाटलं. आधीची पिवळी पानं मात्र पूर्ण सुधारली नाहीत.

तक्रारी आहेत. उजेड सोसत नाही अशी वस्तू पारदर्शक पिशवीत का भरावी? आत मापाचा चमचा नाही, आणि दमट हवेत गोळे होतात. मी लगेच काळ्या डब्यात भरून ठेवली. फरशीवर सांडू देऊ नका, डाग निघता निघत नाही.

पाकिटावर ‘भरघोस फुलं’ लिहिलंय, ते मला पटत नाही. माझ्या कळ्या गळायच्या त्या पाणी कधी जास्त, कधी कमी झाल्यामुळे आणि कुंडी सारखी हलवल्यामुळे. ते थांबवलं तेव्हा कळ्या टिकल्या. छाटणीही फुलं संपल्या संपल्याच उरकते, उशीर केला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

पाणी अजून जडच आहे, त्यामुळे पावडर परत लागणार. हीच घेईन. आज सकाळी पहिलं फूल उमललंय, पांढरंशुभ्र. उद्या-परवा साईसारखं पिवळसर होईल.