रायफलची हार्ड केस घेताय? आधी आतला फोम बघा

आमची पोरगी 10 मीटर एअर रायफल खेळते, आता चौथं वर्ष, आणि एवढ्यात घरात तिसरी केस आली म्हणून लिहायला बसलो. सोलापुरात अशी केस हातात घेऊन, उघडून-लावून बघायला मिळेल असं दुकान मला तरी सापडलं नाही, फोटो बघूनच मागवावं लागतं, आणि फोटोत दिसतं ते सगळं बाहेरचं.

पहिली ऑनलाइन घेतली, 3,800 ला. काळी, जाड, चार कड्या, बघून वाटलं काम झालं. आत अंड्यांच्या ट्रेसारखा उंच-सखल फोम, वर एक खाली एक. असा फोम रायफल दाबतो पण जागेवर धरत नाही, हा फरक मला पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर पोचल्यावर कळला. रेल्वेत जागा नव्हती म्हणून केस उभी ठेवली होती, उघडली तर रायफल चार बोटं खाली घसरलेली आणि नेम धरायची मागची साइट थेट केसच्या कडेला टेकलेली. झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागावा अशी साइटची बसवणी, हललं होतं. सरावाचा पहिला दीड तास ते परत बसवण्यात गेला, पोरगी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बघून मला रात्री झोप नाही लागली.

दुसरी घेतली ती चौकोनी तुकडे उपटून आकार करायच्या फोमची. घरी बसून आकार करताना मजा येते, पण तुकड्यांमधल्या भिंती पातळ राहतात, सहा-सात महिन्यांत नळीच्या बाजूने फाटायला लागल्या. त्याहून वाईट म्हणजे गंज. जुलैत एसी डब्यातून गार झालेली रायफल घरी आली, पोरीने केस उघडून वही काढली, परत लावली आणि चार दिवस तशीच ठेवली. बाहेरची दमट हवा आत गेली, गार लोखंडावर पाणी धरलं, स्पंजसारख्या फोमने ते पिऊन घेतलं आणि झाकणाच्या रबरी सीलने ते बाहेर जाऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी नळीवर बोटभर रुंद तपकिरी पट्टा, बरोब्बर जिथे फोम टेकत होता तिथेच. "पाऊस, धूळ काही आत जाणार नाही" म्हणून सीलचं कौतुक असतं ना, तेच सील आतली ओलही आतच ठेवतं, हे कुणी सांगत नाही.

आता तिसरी. पुण्यातल्या एका दुकानातून 9,500 ला घेतली, आणि या वेळी टेप घेऊन गेलो. पोरीची रायफल बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा सरकता भाग, तिच्या मापाला लावल्यावर 108 सेंमी भरते, केस आतून 120. हे माप आधी घ्याच, कारण केस आखूड पडली तर दर प्रवासात बट प्लेट आत ढकलावी लागते आणि तिचं सेटिंग बिघडतं. आतला फोम काढून टाकला आणि आपल्या इथल्या गादी-फोमवाल्याकडून पाणी न पिणारा घट्ट जातीचा फोम घेतला. रायफल त्याच्यावर आडवी ठेवून पोरीनेच शिवणाच्या खडूने कडेने रेघ मारली, त्याने लांब पात्याने एका दमात कापलं. नळीच्या तोंडाकडे दोन बोटं जागा मोकळी सोडली, साइटखाली पोकळी ठेवली म्हणजे भार फक्त लाकडावर आणि बॉडीवर येतो, रायफलच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरला वेगळा खण. आता केस हलवली तर आतून आवाज नाही.

कुलुपाचं एक बघा. दुकानातच दोन्ही टोकांना कुलूप लावा आणि कोपऱ्यात बोटं घालून झाकण वर ओढा. आमच्या पहिल्या केसला भोकं फक्त मधे होती, कुलूप असूनही कोपऱ्यातून हात आत जायचा. मग कुलूप कशाला?

पेलिकन कंपनीची 1750 ही केस एका सीनियर शूटरची वापरून बघितली. आतून साडेपन्नास इंच, सील आणि कड्या एक नंबर, हवेचा दाब सांभाळायला व्हॉल्व्हही आहे. पण फोमसकट साडेअकरा किलोच्या आसपास, त्यात आमची साडेचार किलोची रायफल टाकली की विमानाच्या साध्या तिकिटाचं 15 किलो तिथेच ओलांडलं. विमानात रायफल चेक-इन बॅगेजमध्येच जाते, सिलिंडर रिकामा करून, हे लक्षात ठेवा. रेल्वेने जाणाऱ्याला मला ती जास्तच वाटते.

आणि मे महिन्यात केस गाडीत ठेवून कुठे जाऊ नका हो. 44 डिग्रीत बंद गाडी आतून 60 च्या वर जाते, 25 डिग्रीला 200 बार दाबाने भरलेला सिलिंडर 60 ला 220 च्या पुढे जातो. काळी केस उन्हात असेल तर विचारूच नका.

घरी आलो की रायफल केसमध्ये ठेवत नाही. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलने घाम-ओल टिपायची, मग तेलाचा हलका हात, आणि कुलूपबंद लोखंडी कपाटात उभी. छर्रे वेगळ्या खणात. केसमध्ये सिलिकाची पुडी असतेच, निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची.

गावाकडे अण्णांची पिकांच्या राखणीच्या लायसनवरची बारा बोअर दुनळी बंदूक आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि अण्णा ती अजून चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर नेतात. दुनळी उघडून तीन भाग होतात, नळी 30 इंची, म्हणजे 32-33 इंचांची छोटी केस पुरेल. तिथे मात्र महिना-महिना केसमध्येच राहणार, म्हणून फोमऐवजी आत कापडी अस्तर असलेली, हवा खेळणारी शोधतोय. कुणी अशी वापरत असेल तर अस्तर किती टिकलं तेवढं नक्की सांगा.